पिन गेली की कार्ट्रिज गेलं? (जुना रेकॉर्ड प्लेअर, कोल्हापूर)

शाहूपुरीकर | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, मदत पाहिजे.

मामानं १९८३ साली मस्कतहून आणलेला जपानी रेकॉर्ड प्लेअर घरात आहे. त्याच्यासोबतचा ॲम्प्लिफायरही अजून धडधाकट आहे, मागं 'फोनो' लिहिलेली जोडी आहे. प्लेअर आईचा. आई यंदा ७८ची झाली, आणि नेमक्या ७८च्याच रेकॉर्ड यावर वाजत नाहीत, फक्त ३३ आणि ४५. असो.

तक्रारी दोन. एक, डावा स्पीकर मध्येच गप्प होतो, आर्मला हलकं टिचकी मारली की परत बोलायला लागतो. दोन, गाण्यातले 'स', 'श', 'च' फुटतात. 'सखी'चं 'फ्फखी' होतं. रेकॉर्डच्या पहिल्या गाण्याला कमी, मधल्या लेबलजवळच्या शेवटच्या गाण्याला तर ऐकवत नाही.

एका दुकानात दाखवला. त्यांनी झाकण न उघडता सांगितलं, 'कार्ट्रिज गेलंय, आता मिळत नाही, हा भंगारात द्या आणि ब्लूटूथवाला घ्या.' मग मी ऑनलाइन 'ओरिजिनल' म्हणून सुई मागवली. आली ती नीट बसतच नाही, डुगडुगते, आणि आवाज आधीपेक्षा वाईट. म्हणजे पैसे गेले आणि आईची बोलणीही खाल्ली.

कार्ट्रिजवर 'शुअर' आणि 'एम४४' वाचता येतंय. आता नक्की काय बदलायचं? सुई, कार्ट्रिज की मुलगा (हे आईचं)?

फुकटचा_सल्ला | सोमवार, रात्री ११.०२

यूट्यूबवर सगळं फुकट आहे हो.

आमचे तात्या आर्मच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवायचे. रेकॉर्ड उडायची थांबायची. करून बघा.

खर्जातला | मंगळवार, सकाळी ६.१५

शाहूपुरीकर, काहीही विकत घेऊ नका. नाणं तर लावूच नका, त्यावर नंतर बोलतो.

तुमच्या दोन तक्रारी म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, एकाच रोग्याला झालेले. दुकानदारानं (आणि तुम्हीही) ते एक धरले, म्हणून गोंधळ.

आधी भाषा एक करू. आपल्याकडे 'पिन' म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी म्हणतात. टोकाला असतो तो हिऱ्याचा कण, स्टायलस. तो ज्या बारीक काडीच्या टोकाला बसवलेला असतो ती कॅन्टिलिव्हर. आणि मागचं खोकं, ज्याच्यात तारेची वेटोळी असतात, ते कार्ट्रिज. एम४४ हे मूव्हिंग मॅग्नेट जातीचं आहे: काडीच्या मागच्या टोकाला चिमुकला चुंबक असतो, सुई खाचेत थरथरली की चुंबक थरथरतो आणि वेटोळ्यात वीज तयार होते. या जातीत काडी, चुंबक आणि प्लॅस्टिकची पकड असा पुढचा तुकडा हातानं ओढून काढता येतो. झिजतो तो हिरा, आणि वयानं निबर होतं ते काडीला धरणारं रबर. दोन्ही त्या पुढच्या तुकड्यातच असतात. मागच्या वेटोळ्यांना झिजायला काही कारणच नाही. तार तुटली तरच ती मरतात.

डाव्या स्पीकरचं आधी बघा. हेडशेल म्हणजे आर्मच्या टोकाचं, कार्ट्रिज धरणारं डोकं. त्याची रिंग फिरवून ते बाहेर काढा. मागं चार पिना दिसतील, काळ्या पडल्या असतील. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं पुसा, आर्मच्या आतलं तोंडही. मग कार्ट्रिजच्या मागच्या चार तारा: पांढरी म्हणजे डावी, निळी डावीची परतीची, लाल उजवी, हिरवी उजवीची परतीची. चिमट्यानं एकेक क्लिप अर्धा मिलिमीटर मागंपुढं करा. ओढू नका, तुटतात. तुटलीच तर क्लिप कार्ट्रिजवर असताना डाग (सोल्डर) लावायचा नाही, आतली तार जळते.

एवढ्यानं गेलं नाही तर मल्टिमीटर लावा: पांढरी-निळी एकदा, लाल-हिरवी एकदा. दोन्हीकडे काहीशे ओहम आणि जवळपास सारखा आकडा आला तर तुमचं कार्ट्रिज जिवंत आहे. एका बाजूला आकडाच आला नाही तर ते गेलं. (ही तपासणी मूव्हिंग कॉइलवाल्यांनी, म्हणजे चुंबकाऐवजी वेटोळंच हलतं त्या जातीवाल्यांनी, करू नये. तिथली तार केसापेक्षा बारीक, मीटरचा करंटही तिला बाधू शकतो.)

शाहूपुरीकर | मंगळवार, रात्री ९.३०

काका, पाया पडतो. हेडशेलच्या पिना कोळशासारख्या होत्या. पुसल्या, डावा स्पीकर बोलायला लागला. मीटरही लावला, दोन्हीकडं सहाशेच्या घरात, दहा-बारा ओहमचा फरक.

'फ्फखी' मात्र तसंच.

खर्जातला | बुधवार, सकाळी ६.४०

म्हणजे खोकं ठणठणीत. राहिली सुई.

आता शेवटचं गाणंच का जास्त फाटतं ते बघा. १२ इंची रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, काठालाही तेवढेच आणि लेबलजवळही तेवढेच. पण काठाला एका फेऱ्यात सुईखालून जवळपास ९२ सेंटिमीटर खाच जाते, आत ३८च. म्हणजे सेकंदाला बाहेर ५१ सेंटिमीटर आणि आत फक्त २१. तोच 'स' निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. त्या बारीक नागमोडीत नव्या सुईचं टोक जेमतेम मावतं. झिजून दोन्ही बाजूंना सपाट पैलू पडलेलं टोक कसं मावणार? ते वळणात शिरत नाही, वळण खरवडत जातं. ती खरवड म्हणजे तुमचं 'फ्फ'.

म्हणून नवी सुई येईपर्यंत आईच्या आवडत्या रेकॉर्ड लावू नका.

दुसरं, सुईचं वय तासांत मोजायचं, वर्षांत नाही. साध्या गोल टोकाच्या हिऱ्याला ऑडिओ-टेक्निका ५०० तास देते, लंबगोल टोकाला ३००. वर्षं मोजायची ती रबरासाठी. तुमच्या सुईचं दोन्ही बाजूंनी संपलंय.

कागल_नाका | बुधवार, सकाळी ९.१०

काकांच्या आकड्यांवरून हिशेब करत बसलो (ऑफिसात काम नाही). २० मिनिटांच्या एका बाजूत ६६७ फेरे, सरासरी फेरा ६५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ४३० मीटर खाच. ५०० तास म्हणजे १,५०० बाजू. गुणाकार केला तर जवळपास ६५० किलोमीटर!

म्हणजे सुई कोल्हापूरहून निघून हायवेनं बंगळूरच्या पुढं पोचली. आणि रोज एक आख्खी एलपी ऐकणाऱ्याची सुई दोन वर्षांत तिथं पोचते. आमच्या बाबांची १९७९ची सुई आजवर कुठं गेली असेल देव जाणे.

खर्जातला | बुधवार, सकाळी ९.५०

वा. हे मी वही उघडून लिहून ठेवतो.

कपिलतीर्थ | बुधवार, दुपारी १.२०

धाग्यात घुसतोय, माफ करा. आमच्याकडं आजोबांचा एचएमव्हीचा पेटीसारखा प्लेअर आहे, व्हॉल्व्हचा. झाकणातच स्पीकर. कार्ट्रिजला बाजूला छोटी दांडी आहे, फिरवली की सुई उलटी होते. आवाज म्हणजे भिंतीपलीकडून कोणीतरी गातंय असा. त्यालाही नवी सुई टाकली की झालं ना?

खर्जातला | बुधवार, रात्री ८.०५

नाही झालं. तुमची जातच वेगळी.

ती दांडी 'टर्नओव्हर'ची. एका बाजूला एलपीची बारीक सुई, दुसऱ्या बाजूला ७८ची जाड. एलपीचं टोक ०.७ मिल म्हणजे १८ मायक्रॉन त्रिज्येचं, ७८चं ३ मिलच्या आसपास, चौपट. बारीक सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या तळातला कचरा वाजवते, आणि जाड सुई एलपीवर लावली तर खाचेत उतरतच नाही, वरचे काठ घासत जाते. आधी दांडी बरोबर बाजूला आहे का ते बघा. निम्म्या घरांत ती उलटी असते, विनोद नाही.

बाजू बरोबर असूनही आवाज भिंतीपलीकडचाच असेल तर ते क्रिस्टल कार्ट्रिज मेलेलं आहे. त्यात चुंबक-तार नसते, रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. तो मुरगळला की वीज देतो. आणि क्षार म्हटल्यावर पावसाळा आला. आपल्याकडचे चार महिने, भिंतीला ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी: तो स्फटिक त्यात टिकणं शक्यच नाही. उन्हात ठेवून जिवंत करायला जाऊ नका, ५५ अंशांच्या आसपास तोच विघटतो. सीलबंद खोक्यातलं 'नवं जुनं' क्रिस्टल कोणी विकत असेल तर तेही घेऊ नका. खोक्यातही पावसाळे झालेत.

सिरॅमिक कार्ट्रिज मात्र त्याच तत्त्वावर चालतं आणि दमटपणाला दाद देत नाही. आजकालच्या सुटकेसवाल्या स्वस्त प्लेअरमध्ये लाल सुईचं जे असतं ते सिरॅमिकच. तुमच्या आर्मला पट्टी करून ते बसवता येतं.

एक गंभीर सूचना. जुन्या व्हॉल्व्हच्या काही पेट्यांत चॅसिस थेट मेनवर असतं. लोखंडाला हात आणि हाताला २३०. प्लग काढल्याशिवाय आत बोट घालू नका, आणि काढल्यावरही कंडेन्सर भरलेले असतात. जाणकार सोबत असल्याशिवाय उघडूच नका.

कपिलतीर्थ | बुधवार, रात्री ८.३०

दांडी उलटी नव्हती. :( आणि चपलांचं अगदी खरं.

मग सिरॅमिकच कशाला, शाहूपुरीकरांसारखं मॅग्नेटवालंच बसवतो की. करायचं तर एकदाच.

खर्जातला | बुधवार, रात्री ९.१५

हा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता, एक चांगला प्लेअर त्यात घालवला.

क्रिस्टल अर्धा-एक व्होल्ट देतं, सरळ व्हॉल्व्हला पुरतं. मॅग्नेट देतं चार-पाच मिलिव्होल्ट, शंभरपट कमी. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात, १९५४च्या सुमारास ठरलेल्या 'रिआ' नियमानं. ते उलटं फिरवणारा फोनो प्रीॲम्प मध्ये लागतो. शाहूपुरीकरांच्या ॲम्प्लिफायरात तो आहे, तुमच्या पेटीत नाही. बरं, तोही घातला, तरी तुमचा आर्म पाच-सहा ग्रॅमचा भार टाकणारा, त्याची बिजागरीच त्या बेताची. मॅग्नेटवाल्याला दोन ग्रॅम हवेत. तेही जमवलं तर शेजारच्या उघड्या मोटरचा 'घूंऽऽ' वेटोळ्यात शिरतो. मी तिसऱ्या पायरीवर हरलो.

आणखी एक. ते मूळ कार्ट्रिज मोनो असेल तर त्यावर स्टिरिओ रेकॉर्ड लावायची नाही. स्टिरिओची खाच आडवी हलते तशी खालीवरही होते. मोनो सुई खालीवर हलायला तयार नसते, मग खाचच तासते.

उद्यमनगरी | बुधवार, रात्री १०.००

आवो काका, सगळं खरं, पन आमी कशाला हाय? लेथ हाय, ग्राइंडर हाय. पंपाचे भाग करतो, गिअर करतो. बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात शंभर वर्सांमागं कॅमेरा बनवला. ही एवढीशी सुई न्हाई व्हनार व्हय? नमुना द्या, उद्या सांजच्याला करून देतो.

खर्जातला | गुरुवार, सकाळी ६.२०

मिस्त्री, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण हिशेब बघा. टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉन, लंबगोल टोकाची बाजू तर ८ मायक्रॉन. तुमचा मायक्रोमीटर जिथं थांबतो तिथून पुढं हे काम सुरू होतं. आणि माल हिरा, म्हणजे घासायलाही हिऱ्याचीच पूड.

सुईवर नवं टोक बसवून देणारे कारागीर जगात आहेत, 'रीटिपिंग' म्हणतात त्याला. महागड्या मूव्हिंग कॉइलला ते परवडतं, कारण तिथं सुई हातानं बदलताच येत नाही. जपानच्या एनएचके रेडिओसाठी केलेलं डेनॉनचं डीएल-१०३ तसंच. एम४४ला रीटिपिंग म्हणजे चपलेच्या अंगठ्यासाठी चामड्याचा कारखाना काढण्यासारखं.

तुमची गरज दुसरीकडं लागणार आहे. थांबा.

उद्यमनगरी | गुरुवार, सकाळी ८.४५

१८ मायक्रॉन म्हनल्यावर गप बसतो. सांगा, थांबलोय.

सुईदोरा | गुरुवार, दुपारी ३.१०

मी इचलकरंजीहून वाचतेय. आमच्याकडं चावीचा ग्रामोफोन आहे, पितळी कर्ण्याचा, पणजोबांचा. त्याला पोलादी सुया लागतात आणि प्रत्येक बाजूला नवी सुई. लहानपणी मला ही उधळपट्टी वाटायची. मग कळलं की ती मुद्दामच मऊ असते. ७८ची रेकॉर्ड लाखेची आणि त्यात दगडाची पूड मिसळलेली, ती पहिल्या काही फेऱ्यांतच सुईला घासून आपल्या खाचेच्या मापाची करते. दुसऱ्या बाजूला तीच लावली की त्या झालेल्या धारेनं रेकॉर्ड कापते. पांढुरकी पडलेली ७८ दिसली की समजायचं, घरातल्या कोणीतरी सुया वाचवल्या होत्या.

आणि कृपा करून त्यावर एलपी लावून बघू नका. सव्वाशे ग्रॅमच्या आसपासचा साउंड बॉक्स एका फेरीत सगळं पुसून टाकतो. आमच्या भाच्यानं करून दाखवलंय.

अवांतर: १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड पाठवली. तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण सोबत कार्ट्रिज आणि सुईसुद्धा पाठवलीय, आणि कव्हरवर ती कशी लावायची त्याची चित्रं! वेग १६⅔. केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या, आणि पुढं ज्यांच्या शिष्या झाल्या ते अल्लादिया खाँसाहेब तर शाहू महाराजांच्या दरबारचे. तेव्हा परग्रहावर कोणी 'पिन मिळत नाही' म्हणून रडत नसणार. रडायचं आपणच.

फुकटचा_सल्ला | गुरुवार, दुपारी ३.४०

एकच सुई पाठवली असेल तर ६५० किलोमीटरनंतर ते काय करणार?

सुईदोरा | गुरुवार, दुपारी ३.५२

:D आधी 'यूट्यूबवर आहे' म्हणून कोणीतरी सांगेलच त्यांना.

पंचगंगाकाठ | गुरुवार, सायंकाळी ६.३०

एक कळकळीचं सांगणं. २०१९च्या पुरात आमच्या घरात पाच दिवस पाणी होतं. रेकॉर्डची पेटी खालच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर फडक्यानं पुसून नव्या सुईवर लावल्या. तो गाळ खाचेत बसलेला. सुईच्या टोकावर गाळाचा गोळा झाला, दोन रेकॉर्डवर कायमचे ओरखडे उठले.

मग शिकलो: लेबल वाचवून, साध्या वाहत्या पाण्यात, खाचेच्या दिशेनंच मऊ ब्रश. पातळ साबणाचा एखादा थेंब. शेवटी डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं नको, औषधाच्या दुकानातलं) आणि उभी ठेवून वाळवणं. २०२१ला पेटी माळ्यावर होती. :)

सुई बदलताय तर रेकॉर्डही धुवा.

खर्जातला | गुरुवार, रात्री ८.००

+१. फक्त लाखेच्या ७८ला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

शाहूपुरीकर, आता खरेदी. तुमच्यापुढं दोन वाटा.

शुअरनं २०१८ साली कार्ट्रिज-सुयांचा धंदाच बंद केला. त्यामुळं आज 'ओरिजिनल शुअर' म्हणून मिळतं ते एक तर जुना साठा (रबर निबर) किंवा तुम्हाला लागलं तसं काहीतरी. एम४४ला चांगली नवी सुई जपानची जिको करते. मुळात शिवणाच्या सुया करणारं घराणं ते. पण बाहेरून मागवायची, कस्टम भरायचं, वाट बघायची.

दुसरी वाट म्हणजे नवं कार्ट्रिज. तुमचं हेडशेल अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंचं आहे, त्यावर आजचं जवळपास काहीही बसतं. मी असतो तर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई घेतलं असतं, हिरवी सुई असते ते. कारण एवढंच की त्या एकाच खोक्यावर गोल टोकापासून मायक्रोलिनिअर (भिंतीला उभ्या लांब टेकणाऱ्या टोकाची) आणि ७८च्या जाड सुईपर्यंत सगळ्या सुया बसतात. ऑर्टोफोनचं टूएम रेडही छान, पण मला ते थोडं तिखट वाटतं. कान माझे, मत माझं.

जुनं शुअर फेकू नका. डबीत ठेवा.

शाहूपुरीकर | शुक्रवार, सकाळी १०.१५

नवं मागवलं, हिरवं. बसवताना काय बघायचं? आर्मवरचं वजन 'साधारण' लावू की मोजून?

खर्जातला | शुक्रवार, दुपारी १२.००

मोजून. व्हीएम९५ईला १.८ ते २.२ ग्रॅम, मधला २ धरा.

इथं नाण्याचं राहिलेलं बोलतो. जुनं चार आण्याचं नाणं अडीच ग्रॅमचं. डोक्यावर ठेवलं तर आधीच्या दोनात अडीच मिळवा: साडेचार. रेकॉर्ड उडायची थांबते, कारण सुई आता खाचेत नांगरासारखी चालते. तात्यांच्या रेकॉर्डची आजची अवस्था विचारून बघा.

लोकांना उलटंही वाटतं, कमी वजन म्हणजे रेकॉर्डला सुख. तसं नाही. हलकी पडलेली सुई खाचेच्या भिंतीवरून उडते आणि पुन्हा आदळते. त्यानं जास्त तुटतं.

फुकटचा_सल्ला | शुक्रवार, दुपारी १२.२५

विचारलं. तात्या म्हणाले, 'तुझ्या बापानं विकल्या त्या.'

गुजरीतला | शुक्रवार, दुपारी २.००

वजनाचा विषय निघालाय म्हणून. दोन ग्रॅम म्हणजे आमच्या जुन्या मापात दोन मासे, साडेसोळा गुंजा. आमच्याकडं पेढीवर ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा आहे, हुपरीच्या बारीक चांदीकामासाठी लागतो. शाहूपुरीकर, दुकानी या, मोजून देतो. भिंगही आहे दहापटीचं.

खर्जातला | शुक्रवार, दुपारी ३.३०

शेठ, आभार. भिंगातून सुई स्वच्छ आहे का, काडी वाकडी आहे का ते दिसेल. झीज दिसायला शंभर-दोनशेपटीचा मायक्रोस्कोप लागतो.

काट्यात दोन खोड्या आहेत. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो, काट्याची ताटली पोलादी असेल तर तो तिच्याकडं ओढला जातो आणि आकडा खोटा येतो. आणि ताटली रेकॉर्डच्या पातळीपेक्षा वर असते, तेव्हा आर्म वर चढतो आणि काही आर्ममध्ये वजन बदलतं.

मिस्त्री, आता तुमची पाळी! ॲल्युमिनियमची पट्टी पाहिजे, इंग्रजी झेड अक्षरासारखी दोनदा वाकवलेली. एक टोक काट्यावर बसेल, दुसरं टोक बाहेर लोंबत रेकॉर्डच्या पातळीला येईल, सुई त्यावर टेकवायची. लोखंड नको, स्टील नको.

उद्यमनगरी | शुक्रवार, दुपारी ३.४५

हे आत्ता बोललासा. मापं पाठवा.

शाहूपुरीकर | रविवार, रात्री ९.५०

मंडळी, झालं!

शनिवारी मिस्त्रींकडून पट्टी घेतली. कडा अशा घासल्यात की देवघरात ठेवावी. काटा शेठनी दोन दिवसांसाठी घरीच दिला. पट्टी ठेवून शून्य केला, वजन लावलं: १.९९. आर्मच्या गोल चकतीवर मात्र आकडा होता २.३. इतकी वर्षं आम्ही त्या चकतीवर विश्वास ठेवून होतो.

कोन लावायला काकांनी सांगितलेला कागदी प्रोट्रॅक्टर छापला, मधल्या खिळ्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर दोन खुणा. दोन्ही ठिकाणी कार्ट्रिज रेघांना समांतर यायला पाहिजे. एका खुणेवर जुळलं की दुसऱ्यावर बिघडायचं. दीड तास गेला. चष्मा दोनदा पुसला, बायकोनं चहा एकदाच दिला. शेवटी सुईखाली छोटा आरसा ठेवला, सुई आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत आलं तेव्हा स्क्रू आवळले.

आवाज आधीपेक्षा लहान आला, घाबरलो. मग काकांना फोन केला तेव्हा कळलं, जुनं शुअर साडेनऊ मिलिव्होल्टच्या आसपास द्यायचं, हे चार देतं. नॉब थोडा पुढं नेला.

'सखी' आता 'सखी' आहे. शेवटच्या गाण्यातसुद्धा. आई सलग तीन रेकॉर्ड बसून ऐकली. पण तिच्या सगळ्यात आवडत्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डवर 'फ्फ' अजून आहे, थोडं कमी, पण आहे. धुतली तरी आहे. बाकी सगळ्या स्वच्छ, हीच का?

खर्जातला | सोमवार, सकाळी ६.३०

कारण तीच सगळ्यात जास्त लावली, झिजलेल्या सुईवर. ते 'स' आता सुईत नाहीत, खाचेत कोरले गेलेत. धुऊन जाणार नाहीत.

एक प्रयोग करता येईल, घाई नाही. जुन्या गोल टोकानं खाचेच्या भिंतीचा एक विशिष्ट पट्टा खाल्ला. मायक्रोलिनिअर सुई भिंतीला उभी लांब टेकते, म्हणजे न खाल्लेल्या भागालाही स्पर्श करते. तुमच्याच हिरव्या खोक्यावर ती लाल सुई बसते. महाग आहे, आणि आख्खा दोष जाईल असं सांगत नाही. कोणाकडून तासभर उसनी मिळाली तर आधी ऐकून बघा.

कागल_नाका | सोमवार, सकाळी ९.३०

माझ्याकडं आहे! शंभरेक तास चाललेली. त्या हिशेबानं निपाणी करत बेळगावच्या थोडं पलीकडं गेलेली असेल. रविवारी घेऊन येतो.

कपिलतीर्थ | सोमवार, सकाळी ११.००

आमचं सिरॅमिक आलं. मिस्त्री, मलाही एक पट्टी लागेल, आर्मसाठी. पैसे किती?

उद्यमनगरी | सोमवार, दुपारी १.१५

पैशाचं ऱ्हाऊ दे. शाहूपुरीकरांकडूनबी घेतलं न्हाईत. त्येंच्याकडं गेलो तवा दोन गानी ऐकली, आन् घरी येऊन सासऱ्यांच्या माळ्यावर चढलो. एक प्लेअर घावलाय. झाकन फुटलंय, आर्म हाय, सुई न्हाई. कार्ट्रिजवर नाव पुसलंय, नुसतं 'सिरॅ' एवढं दिसतंय, आन् बाजूला एक दांडी.

फोटो टाकतो. वळखा कुनीतरी.